बेसूर वर्ग, नवखा मास्तर: फसलेला संगीत-विनोदपट कसा सावरावा

गोष्ट ओळखीची असते. संगीत शिकवण्याशी सुतराम संबंध नसलेला माणूस कर्जापायी, कोर्टाच्या शिक्षेपायी किंवा दुसऱ्याच्या नावावर नोकरी पटकावून संगीताच्या वर्गात येऊन पडतो. मुलं बेसूर, मुख्याध्यापिका खमकी, पुढ्यात एक स्पर्धा. साचा जुना आहे, पण वाईट नाही. विनोदाला इतकी आयती जागा क्वचित मिळते, कारण इथे न येणारा शिकवतोय आणि न येणारेच शिकतायत. तरीही असे बहुतेक चित्रपट चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास बसकण मारतात आणि शेवटच्या कार्यक्रमात टाळ्यांच्या आधाराने कसेबसे उठतात.

दुखणं जवळपास नेहमी एकच असतं. चित्रपटात संगीत ऐकू येतं, शिकणं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी वर्गातून पत्रा ओढल्यासारखा आवाज, शेवटच्या दिवशी कसलेला वाद्यवृंद, आणि मधला सगळा रस्ता एका उडत्या गाण्यावर दीड मिनिटात कापलेला. खालची दुरुस्ती या एका दुखण्याभोवतीच आहे. पटकथा अजून हातात असेल तर ती सगळी करता येते. चित्रीकरण उरकलं असेल तर ध्वनी आणि संकलनापुरती.

आधी डोळे मिटून तपासा

विद्यार्थी जिथे जिथे वाजवतात किंवा गातात, तेवढाच आवाज काढून एकापाठोपाठ एक जोडा. त्यातले तीन तुकडे निवडा: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. चित्रपट न पाहिलेल्या तिघा-चौघांना ते उलटसुलट ऐकवा आणि क्रम लावायला सांगा. पहिला आणि शेवटचा कुणीही ओळखेल. मधला तुकडा ओळखू आला नाही, किंवा मधला तुकडाच सापडला नाही, तर निदान झालं.

दुसरी तपासणी कागदावर. मास्तराने वर्गात म्हटलेलं प्रत्येक वाक्य घ्या. हाताने, ओठाने, श्वासाने काहीतरी करता येईल असं वाक्य निळ्या पेन्सिलीने अधोरेखित करा: ‘बोट भोकावर आडवं टेकव, टोकाने दाबू नकोस’. नुसता उत्साह भरणारं वाक्य लालने: ‘मनापासून वाजव’, ‘स्वतःवर विश्वास ठेव’. लाल रेघा चाळीस आणि निळ्या तीन असतील, तर हा मास्तर शिकवतच नाही, भाषणं देतो. भाषणावर प्रेक्षक एकदा हसतो. चुकीच्या बोटावर मात्र तो दहा वेळा हसू शकतो, कारण दर वेळी बोट वेगळ्या कारणाने चुकतं.

तिसरं, घड्याळ बघा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. १०५ पानांच्या विनोदपटात मास्तर आणि वर्ग विसाव्या पानाच्या आत समोरासमोर यायला हवेत. मास्तराची घटस्फोटित बायको, त्याचा सावकार, त्याची मोडकी गाडी या सगळ्याची ओळख करून देण्यात तीस पानं गेली, तर प्रेक्षक ज्या गोष्टीसाठी आला ती सुरू होण्याआधीच त्याने मोबाइल उघडलेला असतो.

मास्तराला एक गोष्ट पक्की यायलाच हवी

नवखा मास्तर म्हणजे बिनकामाचा माणूस, असं समजून लिहिलं की चित्रपट तिथेच फसतो. काहीच न येणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत संपतो. पुढे त्याच्याकडे फक्त आरडाओरडा उरतो. त्याला संगीत येत नसावं, पण दुसरं एखादं काम हाडामासात भिनलेलं असावं, आणि त्या कामातून वर्गाला उपयोगी पडेल अशी एक तरी गोष्ट निघावी. ओढूनताणून नाही, खरोखर.

उदाहरणादाखल लोहार घ्या. जड काम एकट्याने होत नाही: लोहार हातातल्या छोट्या हातोड्याने तापलेल्या लोखंडावर जागा दाखवतो, आणि समोरचा घणवाला नेमका तिथे घण घालतो. थांबायची खूणही हातोड्यानेच, ऐरणीवर टकटक करून. बोलण्याची गरज नाही. आता हाच माणूस बँडसमोर उभा करा. पहिल्या दिवशी तो हात खाली आणत ‘एक!’ म्हणतो आणि कुणीच एकत्र सुरू होत नाही. कारण सरळ आहे. वाजवणाऱ्यांना पहिल्या मात्रेच्या आधी एक मात्रा दिसावी लागते, त्याच लयीत. तेवढ्यात ते श्वास घेतात. ती आधीची मात्रा दिली नाही, की फुंकून वाजवायची सगळी वाद्यं मागेपुढे सुटतात. कसलेला वाद्यवृंदसुद्धा अशा हातावर अडखळेल.

ही गोष्ट लोहाराला चौथ्या-पाचव्या वर्गात कळते: आपण घण घालतोय, हातोडा दाखवतच नाही. तो टेबलावर आधी हलकी टिचकी मारतो, मग हात खाली आणतो, आणि सात जण पहिल्यांदा एकत्र सुरू होतात. सूर वाईटच असतात, पण सुरुवात एक असते. इथे कुणीही टाळ्या वाजवू नयेत. मुलं दचकून थांबावीत, बस.

भाताही त्याला आयता मिळतो. भात्याला हिसके दिले तर जाळ भडकतो आणि बसतो. संथ चालवला तर एकसारखा राहतो. पेटीच्या भात्याचं तेच आणि ट्रंपेटवाल्या मुलाच्या पोटाचंही तेच. ‘पोट म्हणजे भाता’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी शोभतं आणि निळ्या पेन्सिलीखालीही येतं. शिंपी, रंगारी, टंकलेखक, कुणीही चालेल. फक्त त्याच्या कामातली हत्यारं, खुणा आणि चुका लेखकाने जाऊन पाहिलेल्या असाव्यात. ‘पूर्वीचा गुंड’ हा पेशा टाळा. त्यातून वर्गात फक्त धमकी येते, आणि धमकीचा विनोद दुसऱ्यांदा चालत नाही.

वर्ग: चेहऱ्यांवरून नव्हे, चुकांवरून

संवाद असलेले विद्यार्थी सात पुरेत. दहाच्या पुढे गेलं की प्रेक्षक त्यांना ‘तो जाडा’, ‘ती चष्मेवाली’ असं ओळखू लागतो, आणि लेखकही तसंच लिहू लागतो. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या वाद्याची खरी चूक द्या. नवशिक्यांच्या चुका वाद्यागणिक ठरलेल्या असतात आणि त्यात विनोदाचा साठा आहे.

फ्लूटमधून पहिल्या दिवशी बहुतेकांना सूरच निघत नाही, नुसती हवा. मूल जिवाच्या आकांताने फुंकत राहतं आणि चक्कर येऊन खाली बसतं. हे खरोखर घडतं, त्याला अतिशयोक्तीची गरज नाही. क्लॅरिनेट किंचाळतं. बोट भोक पूर्ण झाकत नाही, मुखनळी तोंडात फार आत जाते किंवा रीड (मुखनळीवरची थरथरणारी पातळ पट्टी) कोरडी असते, या तीनपैकी एक कारण असतं. खालच्या सप्तकातून वरच्या सप्तकात जाताना एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायला जवळजवळ सगळी बोटं एकदम टेकवावी लागतात, आणि ती किंकाळी, म्हणजे चीक, नेमकी त्याच जागी, दर वेळी येते. ट्रंपेटवाल्याचे ओठ पंधरा-वीस मिनिटांत थकतात. मग तो वाद्य ओठांवर दाबू लागतो आणि सूर आणखी फाटतो. ऑल्टो सॅक्सोफोनमधून आवाज लवकर निघतो, पण खालचे सूर हलक्या आवाजात वाजवता येत नाहीत, त्यामुळे भावुक जागेवर तो भोंग्यासारखा घुसतो. फ्रेंच हॉर्नच्या वरच्या पट्टीत सूर एकमेकांच्या इतके जवळ असतात, की ओठ किंचित ढिला पडला तरी शेजारचाच लागतो. ड्रमवाला जोरात वाजवायला लागला की पळतो. साधा ठेका १०० च्या लयीत (मिनिटाला १०० मात्रा) धरतो आणि भरणीच्या जागेतून, म्हणजे दोन ओळींमधली मोकळी जागा भरणाऱ्या तुकड्यातून, बाहेर येतो तेव्हा ११० वर असतो. त्याला स्वतःला ते कळत नाही, त्याला वाटतं बाकीचे मागे पडले.

चूक ठरली की स्वभाव आपोआप सुचतो. दर वेळी बरोबर त्याच जागी किंचाळणारी क्लॅरिनेटवाली मुलगी ती जागा जवळ येताना डोळे मिटून घेईल. हे लिहायला ‘भित्री’ असा शब्द लागत नाही.

एक प्रसंग जवळून

तोतया संगीतशिक्षक पंधरा सेकंदांत उघडा पडतो असा एक सापळा प्रत्येक शाळेच्या बँडमध्ये तयारच असतो, आणि तो फारच कमी लेखकांना ठाऊक आहे.

मास्तर म्हणतो, ‘सोपं करू. सगळ्यांनी सी वाजवा.’ सी हे पाश्चात्त्य पद्धतीतल्या एका सुराचं नाव. मुलं आपापल्या कागदावरचा सी वाजवतात. पण वाद्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच नावाचा सूर प्रत्येकातून वेगळा येतो. तो पेटीच्या पट्ट्यांच्या नावांनी सांगायचा तर असा. फ्लूटमधून पांढरी एकचाच सूर येतो. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट सहसा काळी पाचच्या पट्टीतली, त्यांचा सी म्हणजे काळी पाच. ऑल्टो सॅक्सोफोनचा सी म्हणजे काळी दोन. फ्रेंच हॉर्नचा, पांढरी चार. चूक कुणाचीच नाही, सगळे सांगितलेलंच वाजवतायत, आणि चार वेगळे सूर येतात.

आता नीट ऐका, कारण इथेच चित्रपट घाई करतात आणि वरून मांजराच्या किंकाळ्या ओततात. हे चार सूर एकत्र कर्कश लागत नाहीत. पांढरी एकला षड्ज धरला तर ते होतात सा, म, कोमल नी आणि वरचा कोमल ग. प्रत्येक सूर आधीच्यापासून मध्यमाच्या अंतरावर. असा गुच्छ अधांतरी लटकल्यासारखा वाजतो, कुठेतरी उतरायचं राहून गेल्यासारखा. चुकून आलेला, पण छान. लोहार मास्तर खूश होतो. ‘वा!’

क्लॅरिनेटवाली मुलगी हात वर करते. ‘सर, कोणता सी?’

तो जरा थांबतो. ‘तुला जमेल तो.’

प्रसंग इथे तोडा. पाऊण पान. मुलीला कळलं, मास्तराला कळलं नाही, आणि ज्या प्रेक्षकाला संगीतातलं काही कळत नाही त्यालाही काय घडलं ते मुलीच्या चेहऱ्यावरून समजलं. मुख्याध्यापिकेने दारातून डोकावण्याची गरज नाही. या प्रसंगाची दुसरी बाजू पुढे कुठे वापरायची, ते शेवटी.

वाईट वाजवणं नीट मुद्रित करणं

सराईत वादकाला ‘जरा वाईट वाजव’ म्हटलं की तो अधूनमधून चुकीचे सूर टाकतो आणि लय मात्र घड्याळासारखी ठेवतो. नवशिका याच्या नेमकं उलट करतो. त्याचे सोपे तुकडे घाईत जातात, अवघड तुकड्यावर तो थांबतो, चुकतो, आणि चुकलेल्या जागेपासून नव्हे तर अगदी सुरुवातीपासून पुन्हा वाजवतो. चूक एकाच जागी होते. खोटं वाईट वाजवणं प्रेक्षकाला नाव देऊन सांगता येत नाही, पण ते त्याला नकली लागतं आणि हसू येत नाही.

उपाय सोपा आहे: वादक चांगले घ्या, वाद्य बदला. ट्रंपेटवाल्याच्या हाती क्लॅरिनेट द्या, बासरीवाल्याच्या हाती हॉर्न. दोन दिवस आधी वाद्य घरी द्या आणि एकच सूचना करा: शक्य तितकं नीट वाजवा. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कलाशाळेत १९७० साली गॅव्हिन ब्रायर्स यांच्या पुढाकाराने पोर्ट्समथ सिन्फोनिया नावाचा वाद्यवृंद निघाला, तो याच तत्त्वावर. वादक एकतर मुळीच न येणारे, नाहीतर येत असलं तरी दुसरंच वाद्य घेतलेले. आणि प्रत्येकाने मनापासून बरोबर वाजवण्याचा प्रयत्न करायचा. १९७४ मध्ये त्यांचा कार्यक्रम लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका: ओळखीची धून सगळ्यांच्या डोक्यात बरोबर आहे, हातात नाही. हसू त्या दोहोंतल्या अंतरातून येतं. कुणी मुद्दाम चुकलं असतं, तर ते एका मिनिटात विरलं असतं.

चुका मुद्दाम लिहूनच काढायच्या असतील तर तोही मार्ग आहे, आणि जुना आहे. मोझार्टने १७८७ मध्ये कच्च्या संगीतकारांची टर उडवणारी एक रचना केली. तिच्या अगदी शेवटी वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांत जाऊन आदळतात. तो गोंधळ सुरावटीत लिहिलेला आहे, वादकांवर सोडलेला नाही. पण असा विनोद एकदाच आणि नेमक्या जागी करावा लागतो.

संगणकावर सूर खाली-वर करून बेसूरपणा आणायचा मोह होतो. तो जपून करावा. अर्धस्वराचे, म्हणजे पेटीवरच्या अगदी लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे, १०० सेंट धरतात. पाचेक सेंटचा फरक बहुतेकांना जाणवत नाही, वीसला खटकतो, पन्नासला तो सूर कुठलाच राहत नाही. सगळे सूर सारखेच तीस सेंट उतरवले तर वाद्य बेसूर वाटत नाही, फक्त वेगळ्या पट्टीत लागलेलं वाटतं. एक सूर पंधराने उतरलेला, पुढचा पंचविसाने चढलेला, तिसरा चुकून बरोबर, असं केलं तरच ते नवशिक्याचं वाटतं.

मुद्रण तीन टप्प्यांत करा आणि टप्प्यांमध्ये खरोखर अंतर ठेवा, निदान आठ-दहा दिवसांचं. मधल्या काळात त्याच वादकांनी तेच बदललेलं वाद्य रोज अर्धा तास वाजवावं. मधला टप्पा अभिनयाने येत नाही, तो असा सरावानेच येतो. पहिल्या दोन टप्प्यांना गुंज, म्हणजे घुमारा, लावू नका. मोठ्या सभागृहाची गुंज चुकांच्या कडा झिजवते आणि सगळंच गोड करून टाकते. ती शेवटच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवा.

सरावाचं ते दीड मिनिट काढून टाका

मुलं वाजवतात, पानं उलटतात, मास्तर कपाळाला हात लावतो, पाऊस पडतो, मास्तर हसतो, वर गाणं चालू. प्रेक्षकाला याच वेळात समजायला हवं होतं की मुलं सुधारली कशी, आणि त्याला नेमकं तेच ऐकू येत नाही, कारण वर गाणं चालू आहे.

त्याऐवजी तीन मिनिटांचा एकच प्रसंग करा, एकाच दिवसाचा, एकाच छोट्या तुकड्यावर: चार चार मात्रांची चार आवर्तनं. ६० च्या लयीत हा तुकडा १६ सेकंदांचा होतो, म्हणजे मधले संवाद धरून तो सहा-सात वेळा वाजवता येतो. दर खेपेला एकच गोष्ट बदलते. पहिल्यांदा सगळे मागेपुढे सुटतात. दुसऱ्यांदा हातोड्याची टिचकी मिळते, एकत्र सुटतात, तिसऱ्या आवर्तनात ड्रम पळतो. तिसऱ्यांदा ड्रमवाल्याला काठ्या ठेवून नुसतं मांडीवर वाजवायला सांगितलं जातं, आणि आता क्लॅरिनेटची चीक उघडी पडते, जी इतका वेळ ड्रमखाली झाकली होती. चौथ्यांदा ती मुलगी एकटी त्या दोनच सुरांवर. पाचव्यांदा लय ५० वर उतरवून सगळे. सहाव्यांदा चीक येत नाही आणि मुलगी स्वतःच इतकी चकित होते की पुढचे सूर वाजवायचं विसरते.

प्रेक्षकाने तोवर तो तुकडा इतक्यांदा ऐकलेला असतो की तोही चिकेची वाट पाहत असतो. ती न आल्याने तोच हसतो. हे गाण्यावरच्या कापाकापीतून कधीच मिळत नाही. याची किंमत म्हणून दोन उपकथानकं कापावी लागली तर कापा. बहुधा मास्तराचं प्रेमप्रकरण आधी जातं आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही.

चित्रीकरणात सांभाळायचं ते

वाद्य वाजवणारी मुलं शोधून त्यांना अभिनय शिकवणं, हे अभिनेत्या मुलांना वाद्य धरायला शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं. २००३ च्या ‘स्कूल ऑफ रॉक’ या इंग्रजी चित्रपटातल्या बँडची मुलं आपापली वाद्यं खरोखर वाजवणारी होती, आणि त्यामुळे तिथे कॅमेऱ्याला बोटं टाळत फिरावं लागत नाही. सातही वाजवणारे मिळाले नाहीत तर निदान ड्रम आणि तंतुवाद्यं खऱ्यांना द्या. काठी कधी आदळली आणि गज कुठल्या दिशेला चालला, हे अडाण्यालाही दिसतं. पियानोवाला समोरून दाखवला तर त्याचे हात वाद्यामागे लपतात. ट्रंपेटला दाबायच्या कळा तीनच, त्या आठवड्यात बसवता येतात, पण श्वास घेण्याच्या जागा त्याच्याकडून पाठ करून घ्या. श्वास न घेता वाजणारा ट्रंपेट सगळं सोंग उघडं पाडतो.

आधी मुद्रित केलेल्या आवाजावर चित्रीकरण करत असाल तर दोन आकडे लक्षात ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर १४ मीटर लांब असला की सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात हात एक फ्रेम मागे पडतो. स्पीकर वादकांजवळ ठेवा किंवा कानात छोटा रिसीव्हर द्या. दुसरा आकडा: कॅमेरा २३.९७६ वर आणि आवाज २४ च्या हिशेबाने तयार केलेला, असा घोळ झाला तर तीन मिनिटांच्या गाण्यात शेवटाला चार फ्रेमचा फरक पडतो. सुरुवात जुळलेली असते, म्हणून सेटवर कुणाच्या लक्षात येत नाही. कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि प्लेबॅक यांचा फ्रेमदर पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून तिघांच्याही सह्या घ्या. विनोदी वाटतं, पण पुढचे कित्येक तास वाचतात.

पहिल्या दोन टप्प्यांचं वाजवणं मात्र शक्य तिथे सेटवरच थेट मुद्रित करा. चूक आणि चूक झाल्यावरचा चेहरा एकाच क्षणी आला पाहिजे. आधीच मुद्रित केलेल्या चुकीवर मुलं अर्धा सेकंद अगोदर चेहरा करतात.

चित्रीकरण उरकलं असेल तर

तरीही बरंच हातात आहे. मधला टप्पा नव्याने मुद्रित करा आणि त्या वेळी पडद्यावर वाजवणारे दाखवू नका, ऐकणारा दाखवा. दाराबाहेर थांबलेला मास्तर, जिन्यात बसलेला शिपाई, कुणाचाही निश्चल चेहरा चालतो, आणि असे शॉट पडून असलेल्या चित्रणात हमखास सापडतात. बोटं जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

विनोदाखालचं पार्श्वसंगीत सगळं काढून एकदा चित्रपट पाहा. टुणटुण वाजणाऱ्या तारा आणि ‘बसून’ या फुंकवाद्याच्या उड्या ‘इथे हसा’ असं सांगत असतात, आणि संगीतावरच्या चित्रपटात त्या मुलांच्या वाजवण्याला झाकूनही टाकतात. ज्या चित्रपटात वर्ग वाजवतो, तिथे वर्गाबाहेरचं संगीत जितकं कमी तितकं बरं.

मग तीसेक अनोळखी माणसांना बसवून चित्रपट दाखवा, सभागृहात मुद्रक ठेवा, आणि तो हशा संकलनाच्या टाइमलाइनवर चित्रपटाखाली लावा. प्रश्नावलीपेक्षा हे खरं बोलतं. हशाखाली पुढचं वाक्य बुडत असेल तर मध्ये एखाद्या चेहऱ्याचा शॉट घाला, बारा फ्रेमपासून दीड सेकंदापर्यंत. सलग तीन मिनिटं रेष सपाट असेल आणि तिथे कथाही पुढे सरकत नसेल, तर तो भाग कापा, मग त्यात सगळ्यात महागडा नट का असेना.

परवानगीचं आधी

कथेत प्रसिद्ध गाणं असेल तर हक्क दोन असतात: रचनेचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. मुलंच वाजवणार असतील तर दुसऱ्याची गरज नाही, पहिल्याची आहेच. जुन्या, मुक्त झालेल्या रचनेलाही हीच गोष्ट उलटी लागू: बीथोव्हेनची धून कुणाची नाही, पण तिचं गेल्या काही दशकांतलं मुद्रण कुणाचं तरी असतं. होकार लेखी हवा आणि चित्रीकरणाआधी हवा, नाहीतर शेवटचा कार्यक्रम पुन्हा चित्रित करावा लागतो. ‘स्कूल ऑफ रॉक’च्या वेळी लेड झेपेलिन या रॉक बँडचं गाणं मिळावं म्हणून नायक जॅक ब्लॅकने भरल्या सभागृहासमोर उभं राहून विनवणी केली आणि तिचं चित्रणच बँडकडे धाडलं. ते गाणं मिळालं. प्रत्येकाकडे जॅक ब्लॅक नसतो, म्हणून पटकथेत दुसऱ्या पर्यायाचं नाव लिहून ठेवा.

शेवटचा कार्यक्रम

मुलं शेवटी किती चांगली वाजवतात, हा निर्णय बहुतेक चित्रपट स्टुडिओतल्या वादकांवर सोपवतात आणि तिथेच आधी कमावलेलं घालवतात. तीन महिन्यांत मुलं जितकी सुधारतात तितकीच सुधारू द्या: सुरुवात एकत्र, लय धरलेली, सूर बहुतेक जागेवर, हॉर्नचा एक सूर शेजारी गेलेला. तो तसाच ठेवा. टाळ्या एकदम सुरू करू नका. आधी एक-दोघं, मग बाकीचे.

आणि आता त्या ‘कोणता सी’ची परतफेड. तिची जागा कार्यक्रमानंतर नाही, आधी आहे, रंगमंचावर सूर जुळवताना. मास्तर चार बाजूंना बघत चार वेगवेगळी नावं घेतो: फ्लूटला बी फ्लॅट, क्लॅरिनेट-ट्रंपेटला सी, सॅक्सोफोनला जी, हॉर्नला एफ. टेबलावर टिचकी. सगळ्या वाद्यांतून एकच सूर येतो, काळी पाच. पहिल्या वेळी एका नावातून चार सूर आले होते, आता चार नावांतून एक. कुणी काही समजावून सांगू नये. हा सूर सहा सेकंद धरा, खाली पार्श्वसंगीत नको, कॅमेरा क्लॅरिनेटवाल्या मुलीवर. तिने या वेळी हात वर केलेला नाही, एवढंच दिसू द्या.